पुतळाची ओळ

१८ नोव्हेंबर २०२४

नोकरीत होतो तेव्हा रोज लॉगबुक भरायचो. कुठली लाइन पडली, पोलावर कोण चढलं, वीज कधी आली. लाइनमनचा जन्म गेला त्यात. निवृत्त झालो आणि सवय सुटली. आज वही परत काढली, कारण डोक्यात चाललंय ते कोणाजवळ बोलायचं कळत नाही. जिच्याजवळ बोलायचो तिचीच गोष्ट आहे.

मुंबईच्या डॉक्टरांनी आज सांगितलं. पुतळाच्या, माझ्या बायकोच्या, घशातली गाठ वाईटच निघाली. स्वरयंत्र पूर्ण काढायचं. गळ्याला खाली भोक ठेवणार, तिथून ती श्वास घेणार. जीव वाचेल बहुतेक, आवाज वाचणार नाही. तारीख जानेवारीतली मिळाली. मी विचारलं, बोलायचं काही यंत्र मिळतं ना? म्हणाले, मिळतं, पुढे बघू, पण तो आवाज वेगळाच असतो.

प्रज्ञा, आमची मुलगी, पाली गावच्या शाळेत शिकवते. रजा काढून बरोबर आली होती. ती बाहेर येऊन रडली. मी रडलो नाही, पाण्याची बाटली आणायला गेलो आणि बाटली न घेताच परत आलो.

एस.टी.त पुतळा खिडकीशी बसून म्हणाली, "चला, तुमच्या मागची कटकट गेली. आता बडबड कोण करणार न्हाय." मी म्हटलं, "गप बस."

२१ नोव्हेंबर

सकाळी तिच्या लग्नातली ट्रंक उघडली. नऊवारीच्या घडीत ती रेकॉर्ड आहे. छोटी तबकडी, मधे मोठं भोक. कागदी पाकीट पार पिवळं झालंय, पण रेकॉर्डला पाणी लागलेलं नाही. निसर्ग वादळात पत्रे उडाले, घरात घोट्याएवढं पाणी, बाकीच्या सगळ्या रेकॉर्डी गेल्या. ही वाचली.

माझ्या सासऱ्यांची गायन पार्टी होती. म्हसळ्यापासून माणगावापर्यंत चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांच्याशिवाय पान हलत नसे. मुंबईच्या कोणा कंपनीने एकदा बोलावून त्यांचं एक गाणं भरून घेतलं. मागे चार पोरींचा कोरस, आणि मधेच एक ओळ एकट्या पुतळाची. सतरा वर्षांची होती ती. 'उजेड आला दारी माझ्या, ओळखीचा गं वाटं.' एवढीच. पण त्या 'ओळखीचा'ला तिचा आवाज जो वर जातो, तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पोलावर होतो. जयंतीच्या मांडवाची लाइट जोडत होतो आणि खाली कर्ण्यावर ही रेकॉर्ड लागली. पक्कड हातातून पडली माझ्या. खाली उभा असलेला सायेब केवढा बोंबलला! त्या आवाजाचा पत्ता काढत मी मागणी घालायला गेलो, तोंड नंतर बघितलं.

ठरलं. माळ्यावरचं रेकॉर्डचं मशीन खाली काढायचं. तिचा आवाज जायच्या आधी या घरात तिचा आवाज वाजला पाहिजे. मग काय जायचं ते जाऊ दे, आवाज आपल्याजवळ हाय.

२४ नोव्हेंबर

मशीन काढलं. जपानी आहे. म्हसळ्याच्या एका बोटीवरच्या माणसाने आखातातून आणलेलं, त्याच्याकडून घेतलं होतं. रेकॉर्ड फिरते ती पेटी वेगळी, ॲम्प्लिफायर वेगळा, दोन लाकडी स्पीकर. वाडीत तेव्हा दुसऱ्या कोणाकडे असलं काही नव्हतं. संध्याकाळी ओटा भरायचा माणसांनी.

आता अवस्था बघवत नाही. पट्टा वितळून डांबर झालाय. सुई मोडलेली. स्पीकरच्या कडेचा फोम हातात पिठासारखा आला. ॲम्प्लिफायरमध्ये पालीची अंडी. खाऱ्या हवेने स्क्रू असे धरलेत की पोलावरचे नट बरे. एक गोष्ट मात्र जशीच्या तशी. सुईच्या दांड्यावर मी चिकटवलेलं चार आण्याचं नाणं. पोरं ओट्यावर नाचायची तेव्हा सुई उडी मारायची, म्हणून वजन ठेवलं होतं. काय डोकं लावलं होतं तेव्हा! पुतळाला दाखवलं. ती म्हणाली, "माझ्या ओळीवर आलं की तुम्ही सुई उचलून परत मागं न्यायचे. बाकीचे लोक वैतागायचे. धर्मादादा म्हणायचा, भागोजी, आरं पुढचं गाणं तरी होऊ दे." आणि हसली. हसताना आवाज फाटतो आता, मग खोकला येतो.

रेकॉर्ड ओल्या फडक्याने पुसली. एका जागी गोल करडी रेघ आहे, शिवणाच्या दोऱ्याएवढी. दोनदा पुसली, जात नाही. मेणबत्तीचं मेण असेल.

२८ नोव्हेंबर

बोर्लीला कमलेशच्या दुकानात गेलो. बापापासूनचं इलेक्ट्रिकचं दुकान, सगळं मिळतं म्हणतात. पट्ट्याचा तुकडा बघून तो हसायलाच लागला. "काका, आ तो बहु जूनो माल छे. छोडो ने. ब्लूटूथ घेऊन जा, मस्त वाजेल." मी म्हटलं, "तुझ्या ब्लूटूथात माझ्या बायकोचा आवाज हाय का?" त्याला कळलं नाही. मग सगळं सांगितलं, तेव्हा त्याने पट्ट्याचा तुकडा ठेवून घेतला. म्हणाला, मुंबईहून पट्टा आणि सुई मागवतो, आले तर आले.

१ डिसेंबर

ॲम्प्लिफायर जोडून बघितला. दिवा लागला! एवढा आनंद झाला मला, पुतळाला हाका मारून बोलावलं. पण स्पीकरमधून नुसता घूंऽऽऽ असा बझ. कंडेन्सर फुगलेत, ते बदलायला लागतील. बझ कुठून येतो ते कान लावून शोधत होतो, तर स्वयंपाकघरात हिची गुणगुण सुरू. तांदूळ निवडताना तिला सवयच आहे. मी ओरडलो, "गप गं जरा! मला ऐकू दे." गप्प झाली.

दुपारी प्रज्ञा आली. म्हणते, "बाबा, आईचं गाणं मोबाईलवर घेऊन ठेवू या. दोन मिनिटांचं काम आहे. ती म्हणेल, मी विचारलंय तिला." मी म्हटलं, "हा घोगरा आवाज घेऊन ठेवणार? हा तिचा आवाजच न्हाय. हा त्या गाठीचा आवाज. तिचा आवाज रेकॉर्डमध्ये हाय." पुतळा दारातच होती, सूप हातात घेऊन. आत गेली. चहा मात्र वेळेवर दिला.

४ डिसेंबर

तीन दिवस घर अगदी शांत आहे. काम बरं झालं त्यामुळे. अर्धा बझ गेला.

६ डिसेंबर

दर वर्षी आजच्या दिवशी आम्ही दादरला चैत्यभूमीला जातो. पुतळाने चार दिवस आधीच पांढरी साडी धुऊन ठेवली होती. म्हणाली, "औंदा चला. पुढल्या वर्षी मी मुकी येणार." मी म्हटलं, लाखाच्या गर्दीत, धुळीत, त्या घशाने? आणि आज कमलेशचा पट्टा येणार आहे. "पट्टा काय पाय लावून पळतोय?" "न्हाय जायचं म्हणजे न्हाय." मी तिच्याच भल्याचं बोललो. तिला काही झालं असतं तर?

पट्टा आलाच नाही. गाडी चुकली म्हणे.

संध्याकाळी ती वाडीतल्या विहारात गेली. वंदना झाल्यावर बायका गाणी म्हणतात. आवाज घरापर्यंत येत होता. सगळ्यांच्या मागे एक फाटका आवाज होता, मधेच तुटायचा आणि परत धरायचा. मी डाव्या स्पीकरचा फोम चिकटवत होतो, कान तिथे लागेना. खिडकी लावून घेतली.

१५ डिसेंबर

पट्टा आला. मोटरला शिवणयंत्राचं तेल सोडलं, हाताने फिरवून मोकळी केली, पट्टा चढवला. फिरली! रिकामी तबकडी फिरताना बघत मी जेवायचा विसरलो. पुतळा ताट घेऊन तिथेच आली. बसली. दोघं बघत बसलो. ती म्हणाली, "झालं की. आता आवाज कशाला पायजे, नुसतं फिरतंय तरी बरं वाटतंय."

सुई आली ती दुसऱ्याच मापाची. परत पाठवली.

२२ डिसेंबर

आज आमचं भांडण झालं. सुई अजून नाही, कंडेन्सर मी बदलले ते उलटे लागले की काय कोण जाणे, आता एक बाजू बंद. वैतागून बसलो होतो तर पुतळा शेजारी येऊन म्हणाली, "त्या डब्याला इचारता, कुठं दुखतं, काय होतं. कधी माझा घसा इचारा की." थट्टेनेच म्हणाली. पण मी चिडलो. म्हटलं, हे कोणासाठी चाललंय? माझ्यासाठी? "मग कोणासाठी?" म्हणाली. "मी माझा आवाज ऐकलाय. जन्मभर."

कसं सांगू तिला. मला भीती वाटते. ती मागल्या दारी असली की तिथून ओरडते, 'आवो, पाणी आलं!' मला नेहमी राग येतो, हळू बोल म्हणतो. आणि जानेवारीनंतर ती मागल्या दारी असेल आणि कोणी ओरडणार नाही. अकरा हजाराच्या तारेला मी कधी घाबरलो नाही. याला घाबरतो. म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो. हे इथे लिहितोय, तिला बोललो नाही.

२९ डिसेंबर

सुई आली आणि बरोबर बसली. पुतळाला पाटावर बसवलं, आंघोळ करून ये म्हटलं होतं, ती आली पण. रेकॉर्ड ठेवली. सासऱ्यांचा आवाज आला, पण जड, म्हैस रेकते तसा. पट्टा सैल, दुसरं काय! पुतळाने पदर तोंडाला लावला, हसू आवरेना तिला. "आबांना काय झालं ओ?"

मी पट्टा ओढून बसवायला गेलो तेवढ्यात ॲम्प्लिफायरमधून फट्ट झालं आणि धूर. जळका वास. दिवा गेला.

कंडेन्सर उलटाच लावला होता मी. ज्या माणसाने तालुक्याच्या लाइनी उभ्या केल्या त्याने टीचभर डब्याचं प्लस-मायनस चुकवलं. पोरंही हसतील. तिने मात्र खिडक्या उघडल्या, धूर बाहेर जाऊ दिला आणि म्हणाली, "मुंबईला तर जातोच आहोत. न्या बरोबर. हितं कोण करणार?"

७ जानेवारी २०२५

आज मुंबईला आलो. एस.टी.ने माणगाववरून सोपं होतं, पण पुतळाने हट्ट धरला, बोटीनेच जायचं. प्रज्ञाने गाडी केली. दिघीहून फेरीबोटीवर गाडी चढवून पलीकडे, मग मुरूड, अलिबाग, मांडवा. मांड्यांवर पेटी आणि पायात ॲम्प्लिफायर, दोन्ही चादरीत गुंडाळलेले. रेकॉर्ड पिशवीत, स्पीकर घरीच ठेवले.

मांडव्याला बोटीत पुतळा म्हणाली, वरच्या मजल्यावर बसू, वारा लागतो. मी म्हटलं, खारं पाणी उडेल, मशीन परत गंजेल. तुम्ही दोघी जा. मी खाली बसलो, बंद काचेत. शेजारी एक शहरातलं जोडपं होतं, त्यांनी विचारलं यात काय आहे. मी सगळी हकिगत सांगितली. बाईंच्या डोळ्यात पाणी आलं.

गेटवेला उतरताना प्रज्ञाचे डोळे लाल. म्हणाली, "बाबा, तुम्ही वर यायला हवं होतंत. आईने अख्खं गाणं म्हटलं. आबांचं. उभी राहून. मुंबई दिसायला लागल्यावर सुरू केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या." मी पुतळाकडे बघितलं. केस सगळे विस्कटलेले, गाल वाऱ्याने लाल. म्हणाली, "ओळखीचाला फाटला आवाज. पण गेला वर. खरंच गेला."

मी म्हटलं, घशाला ताण दिलास, उद्या डॉक्टर मला बोलतील. आणि पेटीचा एक कोपरा तिला धरायला दिला.

९ जानेवारी

सकाळी ऑपरेशनला नेलं तिला. दारापर्यंत मी बरोबर होतो. मला वाटलं ती काही बोलेल. काहीतरी मोठं. माझ्याही मनात एक वाक्य होतं, रात्रभर घोळवलेलं, ते आयत्या वेळी बोललोच नाही. ती म्हणाली, "उपाशी राहू नका. खाली वडापाव चांगला मिळतो म्हणाली प्रज्ञा." मग दार लागलं.

मी वडापाव खाल्ला. दोन. ती म्हणाली होती म्हणून.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, सगळं नीट झालं. काचेतून बघितली. झोपलेली. गळ्यात नळी.

१४ जानेवारी

मशीन लॅमिंग्टन रोडला एका दुकानात दिलंय. दुकानदाराने ॲम्प्लिफायर उघडला आणि म्हणाला, होईल. मग सुईच्या दांड्यावरचं नाणं बघितलं. "हे कोणी लावलं?" मी म्हटलं, मीच, सुई उडायची म्हणून. किती वर्षं? म्हटलं, होतंच की कायम. त्याने नखाने खरवडून काढलं आणि रेकॉर्ड दिव्याखाली धरली. ती करडी रेघ बघून म्हणाला, "इथे काही राहिलं नाही काका. घासून गेलंय. जड सुई एकाच जागी फिरत राहिली की असं होतं." मी म्हटलं, मेण आहे ते. तो म्हणाला, मेण नाही, खाच गेली आहे.

कोण घासणार? काहीतरी बोलतात लोक, दुकान चालवायला. मी एकटाच वाजवायचो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हतो. आणि एवढी जपून! तिच्या ओळीइतकी तर दुसरी कुठली ओळ मी वाजवली नाही.

नाणं खिशात घेऊन आलो.

२० जानेवारी

आज पुतळाला बसवलं. ती खुणांनी बोलते. मला निम्म्या कळत नाहीत, मग ती डोळे मिटून घेते. प्रज्ञाने पाटी आणून दिली. तिने हळूहळू लिहिलं. मला वाटलं, दुखतंय असं असेल. 'मशीन झाली का.' मी मान हलवली, झाली. ती हसली. हसण्याचा आवाज नाही आला. मला वाटलं होतं हसणं तरी राहील.

बाहेर येऊन प्रज्ञाला विचारलं, बोटीवरचं गाणं तू मोबाईलवर घेतलंस का? मला आधी सुचलंच नव्हतं. तिने लावून दाखवलं. वारा, इंजिन, वारा. मधे कोणीतरी टाळ्या वाजवतंय. पुतळा दिसते, तोंड उघडतंय मिटतंय. मोबाईल कानाला लावून परत परत ऐकलं. नुसता वारा आहे.

प्रज्ञाकडे लग्नाच्या, बारशाच्या चित्रफिती आहेत, त्यात पुतळा बोलते. 'जेवून घ्या', 'पोराला धरा.' गाणं एकातही नाही. कोणी कधी घेतलंच नाही.

९ फेब्रुवारी

घरी आलो. ॲम्प्लिफायर चालू आहे, पण बझ आहेच. दुकानात नव्हता, इथे आहे. म्हणजे घराचं अर्थिंग गेलंय. आयुष्यभर दारोदार ओरडत फिरलो, अर्थिंग करा, अर्थिंग करा. आपलं घर मात्र कोरडं!

१२ फेब्रुवारी

आज जीव गेला होता माझा. मी मशीनपाशी होतो. मागून थाळी वाजवल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, शेजारची पोरं. मग एकदम ध्यानात आलं आणि धावलो. पुतळा मागल्या दारी बसली होती, गळ्याच्या भोकात कफ अडकलेला, तोंड काळंनिळं. हाताने ताट दगडावर आपटत होती. नर्सने शिकवलं होतं तसं नळीने काढलं. मोकळा श्वास आल्यावर तिने मला एक चापट मारली. मग माझाच हात धरून बसली बराच वेळ. मी म्हटलं, माफ कर गं, पोरं वाटली मला. तिने मान हलवली. कशासाठी हलवली कोण जाणे.

१६ फेब्रुवारी

माडाच्या बुंध्याशी खड्डा केला. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळं नियमाने. दोन बादल्या पाणी घातलं. तार आत आणून जोडली. पुतळा पायरीवर बसून बघत होती, गळ्याला पांढरा रुमाल. चालू केलं. बझ गेला. पूर्ण गेला! स्पीकरला कान लावला तरी काही नाही.

आता घरात कसलाच आवाज नाही. इतकं शांत मला कधी लागत नव्हतं.

२३ फेब्रुवारी

आज लावली.

प्रज्ञाला बोलावलं नाही, वाडीतल्या कोणालाही नाही. दोघंच. मी दाढी केली. पुतळाने ती पांढरी साडी नेसली, दादरसाठी धुऊन ठेवलेली. रेकॉर्ड ठेवली, सुई हलकेच सोडली. बाजाच्या पेटीचा आवाज आला, ढोलकी आली, आणि सासरे. काय आवाज होता माणसाचा! अगदी समोर बसून गातोय असा. पुतळाने हात जोडले. चार पोरींचा कोरस आला, त्यातल्या दोघी आता नाहीत. पुतळाने एकेका आवाजाला बोट वर करून खुणावलं, ही अमकी, ही तमकी. मग ढोलकी थांबली. इथे तिची ओळ.

खर्रर्र. पातेलं घासल्यासारखं. मग परत कोरस, अगदी स्वच्छ.

मी सुई मागे नेली. खर्रर्र. फडक्याने पुसली, परत ठेवली. खर्रर्र. नाणं आठवलं, खिशातून काढून दांड्यावर धरलं, वजन दिलं की येईल आवाज. जास्तच खरखर. सगळं आहे, पेटी आहे, ढोलकी आहे, मेलेली माणसं आहेत, तिची ओळ तेवढी नाही. जिथे मी सुई सारखी ठेवायचो नेमकं तिथेच. बाकी सगळीकडे रेकॉर्ड नवीकोरी आहे.

मी खाली बसलो. म्हटलं, पुतळा, गेली गं. आणि मग जानेवारीत आलं नाही ते सगळं रडू आत्ता आलं, पोरासारखं. तिने मला रडू दिलं. मग उठली. सुई तिने स्वतः उचलली, कोरसवर आणून ठेवली. ढोलकी थांबली, खरखर सुरू झाली, आणि मी बघितलं, तिचे ओठ हलत होते. उजेड आला दारी माझ्या. मान वर गेली, गळ्याच्या शिरा ताणल्या, रुमाल श्वासाने फडफडला. ओळखीचा गं वाटं. काहीही आवाज नाही. ओळ संपली, कोरस आला, ती बरोबर तालावर थांबली.

तिने सुई परत मागे नेली आणि माझ्याकडे बोट केलं. तुम्ही म्हणा.

मला कुठे गाता येतं? आयुष्यात कधी गायलो नाही. पण ढोलकी थांबली आणि मी ओळ म्हटली, खरखरीच्या वरून, भसाड्या आवाजात. तिने कपाळाला हात लावला. खांदे हलत होते, हसत होती. मग गंभीर झाली, परत सुई मागे. 'ओळखीचा'ला तिने बोट वर केलं. अजून वर. मी ताणलं. तिने मान हलवली, न्हाय, वर.

मी म्हटलं, पुतळा, माझा आवाज तिथे पोचत न्हाय. तिने ऐकलं आणि सुई परत मागे नेली.